सरकारी बांधकामाची टेंडरं: पोर्टलवरचं खातं वेगळं, पात्रता वेगळी

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, काही वर्षं खासगी बंगल्यांची आणि कंपाउंड वॉलची कामं केलीत, घरचा पेव्हर ब्लॉकचा छोटा कारखाना आहे. आता महाराष्ट्रात सरकारी कामांकडे वळायचंय. 'सप्लायर म्हणून ऑनलाइन नोंदणी कुठे करायची, बांधकामाची टेंडरं कुठे दिसतात आणि एजंटला पैसे द्यावेत का?'

पहिल्यांदा एक गोंधळ दूर करू, कारण नव्या माणसाचे पैसे आणि वेळ सगळ्यात जास्त तिथेच वाया जातात. 'सरकारी सप्लायर' अशी एकच नोंदणी नसते. सरकारला माल विकणं ही एक वाट आहे आणि सरकारचं बांधकाम करणं ही दुसरी. दोन्हींची पोर्टलं वेगळी, नियम वेगळे, लागणारे कागदही बरेचसे वेगळे. त्यात पुन्हा पोर्टलवर खातं उघडणं म्हणजे पात्र होणं नव्हे. खातं एका दुपारी उघडतं. पात्रता मात्र कागदांनी बनते, आणि ते कागद जमवायला वर्षं लागतात. म्हणून टेंडर भरायला अजून अवकाश असला तरी कागदांची सुरुवात आजच करा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आधी मालाची वाट, कारण तुमच्याकडे कारखाना आहे. केंद्र सरकारचं जेम पोर्टल ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालं आणि तिथे वस्तू व सेवांची खरेदी होते. विक्रेता म्हणून नोंदणी तुम्ही स्वतः करू शकता: पॅन, आधारशी जोडलेला मोबाइल, जीएसटी क्रमांक, बँक खातं आणि उद्यम नोंदणी एवढ्यावर ती होते. उद्यम नोंदणी जुलै २०२० पासून आहे, पूर्णपणे मोफत आहे आणि सरकारी संकेतस्थळावर थेट करता येते. तिच्यासाठी शुल्क मागणारी संकेतस्थळं सरकारी दिसावीत अशीच बनवलेली असतात. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना, एवढं पाहून घ्या.

पेव्हर ब्लॉक विकायचे तर आयएस १५६५८ या मानकाप्रमाणे चाचणी अहवाल तयार ठेवा, आणि तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा असू द्या. पण प्रामाणिकपणे सांगतो, पेव्हरसारख्या जड मालात खरा धंदा जेमवर कमी आणि काम मिळालेल्या कंत्राटदाराकडे जास्त असतो. नगरपालिकेचं पेव्हिंगचं काम ज्याला मिळतं, त्याला ब्लॉक कुठून तरी घ्यायचेच असतात आणि वाहतुकीचा खर्च पाहता तो जवळचाच कारखाना शोधतो. काम कुणाला मिळालं हे टेंडरच्या पोर्टलवर उघड दिसतं. निकालांची ती यादी तुमच्या कारखान्यासाठी गिऱ्हाइकांची यादीच आहे. सरकारशी एकही करार न करता सरकारी कामातला वाटा मिळवायचा हा रस्ता बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

आता बांधकामाची वाट. इथे तीन गोष्टी हव्यात: विभागाकडची कंत्राटदार नोंदणी, डिजिटल सही आणि ई-निविदा पोर्टलवरचं खातं. या तिन्हींत पहिलीला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि लोक नेमकी तीच शेवटी करतात.

सार्वजनिक बांधकाम विभाग कंत्राटदारांची वर्गवार नोंदणी करतो. प्रत्येक वर्गाला कामाच्या रकमेची मर्यादा असते. तुमच्या वर्गापेक्षा मोठ्या रकमेचं टेंडर तुम्हाला भरता येत नाही, मग दर कितीही चांगला असो. खालच्या वर्गांची नोंदणी मंडळाच्या पातळीवर, म्हणजे अधीक्षक अभियंत्यांच्या कार्यालयातून होते. वरचे वर्ग त्याच्या वर जातात. जिल्हा परिषदा आणि नगरपालिकाही बऱ्याचदा टेंडरमध्ये बांधकाम विभागाच्याच नोंदणीची अट टाकतात, त्यामुळे ही एक नोंदणी अनेक ठिकाणी चालते. तिच्यासाठी पॅन, जीएसटी, व्यवसाय कर, केलेल्या कामांचे दाखले, यंत्रसामग्रीची यादी, हाताखालच्या अभियंत्याची माहिती आणि बँकेचं ऐपत प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला सॉल्व्हन्सी म्हणतात ते, लागतं. सॉल्व्हन्सीसाठी बँक तारण आणि खात्याचे व्यवहार पाहते. व्यवहार रोखीत होत असतील तर बँकेला पाहायला काहीच नसतं. खासगी कामांचे पैसे आत्तापासून चालू खात्यातूनच घ्या.

डिप्लोमा असल्यामुळे तुमच्यासाठी आणखी एक दार उघडं आहे. राज्यात छोटी कामं तीन गटांत वाटण्याची पद्धत आहे: ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या कंत्राटदारांना. ठरावीक रकमेच्या आतली कामं काम वाटप समितीमार्फत दिली जातात, बऱ्याच ठिकाणी सोडत काढून. पहिला सरकारी अनुभव मिळवायचा हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे असं माझं मत आहे, कारण इथे दराच्या स्पर्धेत जुन्या, मोठ्या कंत्राटदारांशी भिडावं लागत नाही. बैठकीची सूचना कार्यालयाच्या फलकावर लागते. कामांची यादी मागून घ्या आणि बैठकीला स्वतः जा.

इथेच एक धोक्याची गोष्ट सांगतो. अभियंता म्हणून नोंदणी झाली की कुणीतरी येऊन म्हणतं, 'तुमच्या नावावर काम घेतो, टक्का देतो, तुम्हाला काहीच करायचं नाही.' करू नका. करारावर सही तुमची, दोष दायित्व कालावधीत, म्हणजे काम संपल्यावर दुरुस्तीची जबाबदारी तुमच्यावर असते त्या मुदतीत, रस्ता उखडला तर नोटीस तुम्हाला, काळ्या यादीत नाव तुमचं आणि बिलाची सगळी रक्कम प्राप्तिकराच्या नोंदीत तुमच्या पॅनवर. त्या थोड्या टक्क्यांपायी तरुण अभियंत्यांच्या नोंदण्या कायमच्या खराब झालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि दर वेळी फार वाईट वाटतं.

संस्थेचं स्वरूपही आत्ताच ठरवा. तुमची एकल मालकी आहे, उद्या भावाला घेऊन भागीदारी करायची आहे आणि पुढे प्रायव्हेट लिमिटेड, असा विचार असेल तर लक्षात ठेवा: कामाचा अनुभव आणि उलाढाल ज्या नावावर झाली त्या नावाला चिकटते. मालकीच्या नावावर केलेली कामं नव्या कंपनीला आपोआप मिळत नाहीत. त्यासाठी दस्त, ताळेबंद आणि विभागाची मान्यता यांची लांबलचक मालिका लागते आणि छाननीत त्यावर हरकती येतात. जे स्वरूप निदान पाच-सात वर्षं टिकेल त्यातच सुरुवात करा. पॅन, जीएसटी, बँक, उद्यम आणि नोंदणी प्रमाणपत्र या सगळ्यांवर संस्थेचं नाव अक्षरशः सारखं असू द्या. एका ठिकाणी 'कन्स्ट्रक्शन' आणि दुसरीकडे 'कन्स्ट्रक्शन्स' एवढ्या फरकावरही स्पष्टीकरणं मागितली जातात.

डिजिटल सहीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वर्ग ३ चं प्रमाणपत्र घ्या; वर्ग २ ची प्रमाणपत्रं २०२१ पासून दिलीच जात नाहीत. सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही असलेलं घेतलं तर इतर पोर्टलांवर अडत नाही. ते यूएसबी टोकनमध्ये मिळतं आणि त्याची मुदत संपते, ती तारीख लिहून ठेवा. टेंडरच्या शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र संपलेलं असणं ही दरवर्षी कुणाच्या तरी वाट्याला येणारी गोष्ट आहे. नूतनीकरणानंतर नवं प्रमाणपत्र पोर्टलवर पुन्हा जोडावं लागतं, तेही आधीच करून घ्या.

राज्याचं मुख्य पोर्टल महाटेंडर्स. ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रणालीवर चालतं. केंद्राची आणि इतर अनेक राज्यांची पोर्टलंही त्याच प्रणालीवर आहेत, त्यामुळे एक शिकलात की बाकीची ओळखीची वाटतात. नोंदणीत लॉगिन म्हणून ईमेल पत्ता द्यावा लागतो. तो कायमचा राहतो, म्हणून संगणक चालवणाऱ्या मुलाचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा देऊ नका. संस्थेचा वेगळा ईमेल काढा. एक डिजिटल सही एकाच खात्याला जोडता येते. दुसऱ्या कुणी तुमच्या टोकनवर आपलं खातं काढून ठेवलं असेल तर ते सोडवताना हेल्पडेस्कशी बराच पत्रव्यवहार करावा लागतो.

आता शोध. लोक पोर्टल उघडतात, चालू निविदांची यादी बघतात आणि शेकडो नावं पाहून थकतात. मी उलट क्रमाने जायला सांगतो: आधी निकाल, मग चालू निविदा.

पोर्टलवर उघडलेल्या निविदांचे निकाल सर्वांना पाहता येतात: कोण कोण होतं, तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे कागदांच्या छाननीत, कोण बाद झालं, कुणाचा दर किती होता. आपल्या तालुक्यातल्या बांधकाम उपविभागाचे, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे आणि नगरपालिकेचे मागच्या एक-दोन वर्षांचे निकाल वहीत उतरवून काढा. काम, अंदाजित रक्कम, किती निविदा आल्या, एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराची निविदा, किती टक्के बिलो, म्हणजे अंदाजित रकमेच्या किती खाली. थोड्याच दिवसांत चित्र स्पष्ट दिसतं. कुठल्या कार्यालयाच्या कामांना दोनच निविदा येतात आणि कुठे दहा; रस्त्याच्या डांबरीकरणात किती खाली जातात आणि शाळाखोलीच्या बांधकामात किती. ही माहिती पैसे देऊन कुठल्याही एजंटकडून मिळणार नाही, आणि दर भरताना तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

चालू निविदा शोधताना 'संस्थेनुसार' शोध वापरा. कामाच्या नावाने शोधलं तर निम्मी कामं सुटतात, कारण एकच काम कुणी 'काँक्रीटीकरण' लिहितं, कुणी इंग्रजीत 'सीसी रोड', कुणी नुसतं 'सुधारणा करणे'. तुमच्या आवाक्यातल्या कार्यालयांची नावं ठरवा आणि आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी तेवढीच उघडा. प्रगत शोधात कामाचा प्रकार, पिनकोड आणि रकमेची मर्यादा टाकता येते. आवडलेलं टेंडर आपल्या यादीत जोडून ठेवा, म्हणजे शुद्धिपत्रक निघालं की कळण्याची सोय राहते. तरीही निविदा सादर करण्याआधी शुद्धिपत्रकांचं पान स्वतः उघडून बघाच. शुद्धिपत्रकातून दरपत्रकाची फाइल बदललेली असते आणि जुनी फाइल भरणारा बाद होतो.

महाटेंडर्सवर सगळं येतं असं मात्र समजू नका. केंद्रीय सार्वजनिक खरेदी पोर्टलवर केंद्राच्या खात्यांची कामं दिसतात: केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग, विद्यापीठं, संशोधन संस्था. रेल्वेचं आयरेप्स पोर्टल वेगळं, संरक्षण खात्याचं वेगळं, प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या निविदांचं वेगळं. काही महामंडळं आणि वीज कंपन्या आपापल्या पोर्टलवर निविदा काढतात. सुरुवातीला यातलं एकच जादाचं पोर्टल निवडा. पाच ठिकाणी खाती उघडून एकही नीट न बघण्यापेक्षा ते बरं.

टेंडर निघायच्या आधीही काम दिसतं, आणि जाणती माणसं तिथेच बघतात. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय रोज चढतात. कामांना प्रशासकीय मान्यता दिल्याचे निर्णय, त्यात गावनिहाय याद्या आणि रकमा असतात. मान्यतेनंतर तांत्रिक मान्यता आणि मग निविदा, असा क्रम असतो. म्हणजे कामाची जागा पाहायला, खाणीपासूनचं अंतर मोजायला आणि यंत्रांची जुळवाजुळव करायला तुम्हाला आधीच वेळ मिळतो. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतली कामं बरीचशी जानेवारी ते मार्च या काळात घाईने निघतात. निवडणुकीची आचारसंहिता लागणार असेल तर तिच्या आधीही असाच लोट येतो. त्या दिवसांत निविदेची मुदत तोकडी असते, तेव्हा कागद तयार नसलेला माणूस नुसता बघत राहतो.

सापडलेलं टेंडर भरायचं की सोडायचं, हा निर्णय दस्तऐवज वाचून घ्यावा लागतो आणि त्याला पर्याय नाही. छोट्या कामांना बहुतेक वेळा योग्य वर्गाची नोंदणी पुरते. रक्कम वाढली की पात्रतेच्या अटी येतात. केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ मध्ये घालून दिलेली चौकट अनेक खाती अजून वापरतात: मागच्या सात वर्षांत सारख्या प्रकारची तीन कामं प्रत्येकी अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची, किंवा दोन ५० टक्क्यांची, किंवा एक ८० टक्क्यांचं, आणि मागच्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल निदान ३० टक्के. म्हणजे १ कोटीचं काम हवं असेल तर ४० लाखांची तीन, ५० लाखांची दोन किंवा ८० लाखांचं एक काम पूर्ण केल्याचा दाखला लागतो. यावरून मागे मोजत या, म्हणजे यंदा कुठल्या आकाराचं काम करायला हवं ते कळतं. १० लाखांवरून थेट कोटीवर कुणी जात नाही.

दुसरी अट निविदा क्षमतेची. सूत्र साधारण असं असतं: अ गुणिले न गुणिले २, वजा ब. अ म्हणजे मागच्या पाच वर्षांतल्या कुठल्याही एका वर्षात केलेलं सर्वांत जास्त रकमेचं काम, न म्हणजे या कामाची मुदत वर्षांत, ब म्हणजे त्याच मुदतीत हातातल्या इतर कामांचं शिल्लक मूल्य. समजा तुम्ही एका वर्षी २ कोटींचं काम केलंत आणि हातात दीड कोटींचं काम शिल्लक आहे. नव्या कामाची मुदत १२ महिने असेल तर क्षमता ४ वजा दीड, म्हणजे अडीच कोटी. त्याच कामाची मुदत ६ महिने असेल तर २ वजा दीड, म्हणजे फक्त ५० लाख, तेही त्या सहा महिन्यांत शिल्लक काम तेवढंच धरलं तर. मुदत निम्मी झाली आणि क्षमता पाचव्या हिश्शावर आली. गुणक टेंडरनुसार बदलतो, म्हणून दस्तऐवजात दिलेला घ्या. हातातली कामं लपवून क्षमता फुगवणं मात्र कधीच करू नका. प्रतिस्पर्धी तुमच्या कार्यारंभ आदेशांच्या प्रती घेऊन हरकत घेतो आणि खोटं प्रतिज्ञापत्र हा काळ्या यादीचा सरळ रस्ता आहे.

तिसरं, यंत्रांच्या अटी. डांबरी कामात ठरावीक अंतराच्या आत हॉट मिक्स प्लांट स्वतःचा किंवा कराराने हवा, मोठ्या काँक्रीट कामात बॅचिंग प्लांट. भाडेकरार करायचा असेल तर तो टेंडरमध्ये दिलेल्या नमुन्यातच करा.

अनुभवाच्या दाखल्याबद्दल थोडं जास्त सांगतो. सरकारी कामाचा दाखला बहुतेक टेंडरांत कार्यकारी अभियंता दर्जाच्या अधिकाऱ्याच्या सहीचा मागतात. त्यावर कार्यारंभ आदेशाचा क्रमांक, करार रक्कम, प्रत्यक्ष झालेल्या कामाची रक्कम, सुरू आणि पूर्ण झाल्याची तारीख आणि मुख्य बाबींची परिमाणं असायला हवीत. जावक क्रमांक नसलेला दाखला छाननीत टिकत नाही. अंतिम बिल निघालं की त्याच महिन्यात दाखला घ्या. अधिकारी बदलून गेले की मोजमाप पुस्तिका शोधण्यापासून सुरुवात होते. खासगी कामाचा अनुभव जिथे चालतो तिथे त्या कामावर कापलेल्या टीडीएसचा पुरावा मागतात. तुमच्या बंगल्यांच्या कामांत घरमालकांनी टीडीएस कापलेला नसणार आणि पैसेही बहुधा रोख आले असणार, त्यामुळे ती कामं पात्रतेत धरली जातील अशी आशा ठेवू नका. इथून पुढे एखाद्या कंपनीचं, शाळेचं किंवा सोसायटीचं काम मिळालं तर लेखी कार्यादेश, बिल आणि टीडीएस हे तिन्ही घ्याच. पोटकंत्राटदार म्हणून केलेलं कामही विभागाने त्या पोटकंत्राटाला लेखी मान्यता दिलेली असेल तरच सहसा मोजलं जातं.

उद्यम नोंदणी आहे म्हणून बयाणा रक्कम, म्हणजे निविदेबरोबर भरायची ठेव, माफ होईल, असं अनेकांना वाटतं. लघुउद्योगांसाठीचं केंद्राचं खरेदी धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे. बांधकामाच्या कंत्राटाला ती सूट आपोआप लागू होत नाही. टेंडरमध्ये स्पष्ट लिहिलं नसेल तर बयाणा भरा. सूट गृहीत धरून न भरल्यास लिफाफा पहिल्याच पायरीवर बाद होतो.

भरण्याची प्रक्रिया तशी सरळ आहे, पण तिच्या काही जागा नाजूक आहेत. बयाणा आणि टेंडर फी संस्थेच्या स्वतःच्या खात्यातून भरा, कारण परतावा त्याच खात्यात येतो. एनईएफटी किंवा आरटीजीएसने भरत असाल तर पोर्टलवर जमा दिसायला वेळ लागतो, निदान दोन कामाचे दिवस आधी भरा. लिफाफा क्रमांक एकमध्ये तांत्रिक कागद, दोनमध्ये दर. पहिल्या लिफाफ्यात दराचा उल्लेख चुकूनही येता कामा नये. दरपत्रकाची एक्सेल फाइल उतरवून घेतल्यावर तिचं नाव बदलू नका, ओळी घालू किंवा काढू नका, फक्त ठरवून दिलेल्या चौकटी भरा. कागद १०० डीपीआयला काळे-पांढरे स्कॅन करा, वाचता येतील एवढं बघा. नेहमी लागणारे कागद पोर्टलवरच्या आपल्या जागेत आधीच चढवून ठेवता येतात.

सगळं चढवल्यावर 'फ्रीझ', म्हणजे निविदा पक्की, केल्याशिवाय ती सादर होत नाही. फाइल चढल्या म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि उघडण्याच्या दिवशी त्याचं नावच यादीत नसतं. फ्रीझ केल्यावर मिळणारी पोच छापून ठेवा. मुदत संपेपर्यंत निविदा बदलून पुन्हा सादर करता येते, पण 'मागे घ्या' हा पर्याय वापरला तर त्याच टेंडरमध्ये परत येता येत नाही. घड्याळ पोर्टलच्या सर्व्हरचं चालतं, तुमच्या संगणकाचं नाही. शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी काम संपवायची सवय लावा.

आता दर. बी-वन नमुन्यात अंदाजपत्रकावर एकच टक्का, अबव्ह किंवा बिलो, भरायचा असतो. बी-टूमध्ये प्रत्येक बाबीचा दर. नवे लोक बी-वनमध्ये इतरांकडे बघून टक्का ठोकून देतात. तसं न करता अंदाजपत्रकातल्या मोठ्या चार-पाच बाबी घ्या, त्यांतच बहुतेक रक्कम असते, आणि त्यांचा आजचा खरा खर्च काढा. राज्य दरसूचीतला दर आणि त्यावरचं वाहतुकीचं लीड, म्हणजे माल आणण्याचं धरलेलं अंतर, बघा. अंदाजपत्रकात खडीचं लीड ज्या खाणीवरून धरलंय ती खाण चालू आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा. खाण बंद असेल आणि पुढची वीस किलोमीटर लांब असेल तर काढलेला नफा तिथेच संपतो.

खूप बिलो गेलात तर अतिरिक्त सुरक्षा ठेवही मागतात आणि टक्का जितका खाली तितकी ती वाढते. ती रक्कम काम संपेपर्यंत अडकून राहते. बिलातल्या कपाती आधीच मांडून घ्या. जीएसटी वगळून १० लाखांचं बिल धरा: जीएसटीचा टीडीएस २ टक्के म्हणजे २० हजार, एकल मालकीला प्राप्तिकराचा टीडीएस १ टक्का म्हणजे १० हजार, बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का म्हणजे आणखी १० हजार. यांतले टीडीएस विवरणपत्रं भरल्यावर तुमच्या खाती जमा धरले जातात, उपकर परत येत नाही. त्याशिवाय सुरक्षा ठेव कापली जाते आणि खडी-मुरुमाच्या स्वामित्वधनाच्या, म्हणजे रॉयल्टीच्या, पावत्या नसतील तर तेही बिलातूनच वळतं केलं जातं. वाहतूक पास आणि चलनं प्रत्येक गाडीबरोबर घ्या. जीएसटी २०२२ च्या जुलैपासून सरकारी बांधकामालाही १८ टक्के आहे. दर जीएसटीसह मागितलाय की तो वेगळा मिळणार आहे, हे वाचल्याशिवाय टक्का भरू नका.

आणि निधी. टेंडर निघालं म्हणजे पैसे तयार आहेत असं नसतं. २०२५ मध्ये थकीत देयकांसाठी राज्यभरच्या कंत्राटदार संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. काम पूर्ण करूनही महिनोन्‌महिने बिल न मिळालेली माणसं त्यात होती आणि त्यांच्यातल्या लहान कंत्राटदारांचे हाल सगळ्यात जास्त झाले. काम कुठल्या लेखाशीर्षातलं, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कुठल्या खर्चाच्या सदरातलं आहे, त्यात तरतूद किती आणि आधीची देणी किती, हे विभागाच्या लेखा शाखेत विचारा. त्याच कार्यालयाची कामं केलेल्या दोघातिघांना मागचं बिल कधी मिळालं ते विचारा. बिल सहा महिने अडलं तर माझे मजूर, डिझेल आणि बँकेचे हप्ते कसे भागतील, याचं उत्तर कागदावर मांडता आलं तरच टेंडर भरा. आकार लहान ठेवा. एका वेळी एकच सरकारी काम आणि बाकी वेळ खासगी कामं व पेव्हरचा कारखाना, अशी पहिली दोन-तीन वर्षं गेली तर हात मोकळा राहतो.

राहिला एजंटचा प्रश्न. टायपिंग, स्कॅनिंग आणि पोर्टलवर चढवण्यासाठी जाणकार ऑपरेटरला ठरलेली फी देणं यात वावगं काही नाही. अनेक जुने कंत्राटदारही तसं करतात. पण डिजिटल सहीचं टोकन आणि त्याचा पिन त्याच्याकडे ठेवू नका. ती तुमची कायदेशीर सही आहे. शिवाय तो ऑपरेटर तुमच्या स्पर्धकांचीही टेंडरं भरत असतो, म्हणून दराची फाइल स्वतः भरा आणि फ्रीझ करताना शेजारी बसा. ठरलेल्या वेळेआधी लिफाफा अधिकाऱ्यांनाही उघडता येत नाही, उघडायला एकाहून अधिक अधिकाऱ्यांच्या डिजिटल सह्या लागतात. त्यामुळे 'आतून सेटिंग करतो, दर आधी कळवतो' असं सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. या महिन्यात उद्यम, चालू खातं आणि सॉल्व्हन्सीचा अर्ज करा, पुढच्या महिन्यात बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणीचा अर्ज टाका, आणि तो मंजूर होईपर्यंत आपल्या तालुक्याच्या निकालांची वही भरत राहा.